कातळाखाली दडलेला फॉल्ट

हे जे पाणी दिसतंय ना, डोंगरांच्या खाचाखाचांतून पसरलेलं, तो शिवसागर, कोयनेचा. आजूबाजूला सगळा सह्याद्री, काळाकुट्ट कातळ. शाळेत आपण शिकलो की दख्खनचं पठार म्हणजे एकदम भक्कम, भूकंप काय तो हिमालयात नाहीतर जपानमध्ये, जिथं दोन प्लेट एकमेकींना भिडतात तिथं. बरंचसं खरंही आहे ते, पण फॉल्ट, म्हणजे खडकातली अशी भेग जिच्या दोन बाजू एकमेकींवर सरकतात, प्लेटच्या पोटातही असतात आणि वर लाव्ह्याचं पांघरूण पडलं की दिसतच नाहीत. 1993 चं किल्लारी आठवा.

आता ही पेटी बघा. रांगेत मांडलेले गोल दगड म्हणजे कोअर, रासाटीला दीड किलोमीटर खोल बोअर मारलं त्यातून निघालेले. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची खास याच कामाची, म्हणजे खोल बोअर मारून भूकंप अभ्यासायची, लॅब कराडला आहे, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडं फार जणांना हे माहीतच नाही. वरचे जवळजवळ 930 मीटर नुसता बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, थरावर थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आणि मग इथं, बोट ठेवलंय बघा, काळा रंग संपतो न् करडा-गुलाबी ग्रॅनाइट सुरू. त्याचं वय अडीचशे कोटी वर्षांच्या पुढं! कोयनेचे भूकंप होतात ते मुख्यतः या ग्रॅनाइटमधल्या फॉल्टवर, म्हणून तर पुढं गोठण्याजवळ बोअर मारत 3 किलोमीटर खाली गेले.

धरणानं फॉल्ट तयार केला नाही. तो आधीपासून होता, ताणलेला, कारण आपली अख्खी प्लेट वर्षाला 5 सेंटीमीटरच्या आसपास उत्तरेकडं रेटतेय. 1962 ला पाणी अडवायला लागले आणि थोड्याच दिवसांत हादरे सुरू. पाणी वंगणाचं काम करतं असं सगळे म्हणतात, ते तितकंसं बरोबर नाही, भेगांत झिरपलेलं पाणी आतून दाब देतं, फॉल्टच्या दोन्ही बाजूंची पकड ढिली होते आणि मग सटकतं.

11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं, 6.3 चा धक्का. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर पडलं. नानेलजवळ जमीन फाटली ती याच फॉल्टच्या दिशेनं. धरणाला तडे गेले पण उभं राहिलं, मागून दिलेला हा काँक्रीटचा आधार नंतरचा.

आता बोअरमध्येच सिस्मोमीटर, म्हणजे हादरे टिपणारी यंत्रं, सोडलेत, थेट ग्रॅनाइटपर्यंत, कारण वर ट्रक गेला, वारा सुटला तरी यंत्र हलतं, खाली शांतता. पावसाळ्यात धरण भरलं की पुढच्या काही महिन्यांत हादरे वाढतात, ही कोयनेची जुनी खोड, म्हणून ही स्क्रीन चोवीस तास चालू. आत्ता ती रेघ जराशी थरथरली, दिसली का? बारीकसाच असणार, वर चहा पीत बसलेल्यांना पत्तासुद्धा नाही.