अनशापोटी

[दृश्य: पहाटेचे पावणेपाच. शाळेचं मैदान. फक्कीने आखलेला 400 मीटरचा गोल. अंधारात बुटांचा आवाज.]

तालुक्याच्या गावात दिवस उजाडायच्या आधी जागं होणारं मैदान एकच असतं, पोलीस भरतीच्या पोरांचं. कुणी चार किलोमीटरवरच्या वाडीतून सायकलने आलंय, कुणी भावाच्या गाडीवर मागे बसून. पोरी आता जवळजवळ पोरांइतक्याच दिसतात. कानटोपी काढायची, बुटांची नाडी आवळायची आणि सुटायचं.

पोटात काय आहे, असं विचारलं की बहुतेक जण हसतात. काही नाही. पाणीसुद्धा नाही. एक पोरगी म्हणते, "खाल्लं की पोटात कळ येते." दुसरा सांगतो, "अनशापोटीच पळायचं असतं ना."

अनशापोटी. हा शब्द आपल्या घरात औषधासोबत आला. काढा अनशापोटी, मेथ्या अनशापोटी, लसणाची पाकळी अनशापोटी. सकाळी तोंडात काही न घालता केलेली गोष्ट जास्त लागू पडते, हा विश्वास त्या शब्दातच मुरलाय. तोच पुढे व्यायामालाही चिकटला.

मीही याच मैदानावर दोन भरत्यांची तयारी केली. एकदा तिसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गवतात बसलो. सगळे म्हणाले, दम कमी पडतोय, अजून पळ. मी अजून पळलो. आदल्या रात्री काय जेवलास, हे मला कुणीच विचारलं नाही. मला वाटतं, विचारायला हवं होतं ते तेवढंच.

[दृश्य: स्टॉपवॉच. चौथी फेरी.]

भरतीच्या मैदानी परीक्षेला 50 गुण असतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत मारलं, 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत मारलं, तर 20 पैकी 20. त्यापुढे वेळ वाढेल तसे गुण कमी होत जातात. एसआरपीएफला, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलात जायचं असेल तर 5 किलोमीटर.

आता हिशोब करू. 60 किलोच्या पोराला 1600 मीटर धावायला साधारण 100 कॅलरी लागतात. एका केळ्याची ताकद. आणि अंगात साठा किती असतो? मांड्या-पोटऱ्यांसह सगळ्या स्नायूंत मिळून 300 ते 500 ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपाने भरलेली असते. यकृतात अजून 100 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे चार फेऱ्यांसाठी सकाळी खाण्याची गरज नाही. साठा आहे.

पण यात एक मेख आहे. स्नायूतली साखर स्नायूच वापरतो, ती रक्तात परत येत नाही. रात्रभर मेंदूला साखर पुरवायचं काम यकृताचं. आपण झोपलेलो असतो तेव्हाही मेंदू खातच असतो, म्हणून पहाटेपर्यंत यकृतातला बराचसा साठा उतरलेला असतो. पायात जोर आहे आणि डोकं मात्र हलकं पडलंय, असं सकाळी वाटतं ते यामुळेही.

शिवाय मैदानावर कुणी चार फेऱ्या मारून घरी जात नाही. आधी वॉर्मअप, मग पाच-सहा किलोमीटर, मग 100 मीटरचे स्प्रिंट, मग उठाबशा, मग गोळा. पावणेपाचला आलेली पोरं सात वाजता निघतात. तासाभराच्या आतल्या व्यायामाला आधी खाल्लं काय, न खाल्लं काय, फारसा फरक पडत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. तासाच्या पुढे गेलं की खाल्लेल्याचा फायदा दिसू लागतो. आणि आपली पोरं तासाच्या खूप पुढे असतात.

[दृश्य: कोल्हापूर. तालमीचा दरवाजा. आत लाल माती.]

अनशापोटी व्यायामाचा विषय निघाला की लोक तालमीचं उदाहरण देतात. म्हणून आपण तिथे जाऊ.

कोल्हापुरात गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत पहाटे दिवे लागतात. पैलवान उठतो, तोंड धुतो, लंगोट कसतो आणि मातीत उतरतो. जोर, बैठका, मग लढती. यातलं काहीच भरल्या पोटी होत नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे. छातीवर दुसऱ्याचं 90 किलो वजन येणार असेल तर पोट रिकामंच हवं. जोराचा व्यायाम सुरू झाला की रक्त हातापायांकडे धावतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं, पचन थांबल्यासारखं होतं. तिथे अन्न असेल तर मळमळ ठरलेली.

इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं कुणी सांगत नाही. आदल्या रात्री त्याच पैलवानाने पोटभर खुराक घेतलाय, तूप-दुधासकट. झोपण्याआधी बदाम भिजत घातलेत. मेहनत संपून घाम निथळतोय तोवर थंडाई घोटून तयार होते. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, दूध. त्यानंतर जेवण, मग झोप, दुपारी पुन्हा मेहनत. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध ग्राहकासमोर ग्लासात काढून द्यायची पद्धत उगाच रुजलेली नाही. या गावाने व्यायामाच्या मागेपुढे खायची अख्खी व्यवस्था उभी केली.

तालमीतून आपण रिकामं पोट तेवढं उचललं, खुराक तिथेच राहिला. वस्ताद पठ्ठ्याला मातीत उतरवण्याआधी त्याच्या खुराकाची चौकशी करतो. भरतीच्या मैदानावर ती चौकशी होत नाही, याची मला चीड येते.

[दृश्य: रात्रीचं स्वयंपाकघर. चुलीजवळ मुलगी भाकरी थापतेय.]

ही पोरगी पहाटे पळते. आता रात्रीचे नऊ वाजलेत. आजोबांना वाढून झालं, वडील आणि भाऊ जेवून उठले. टोपात कालवण तळाला गेलंय. तिच्या ताटात एक भाकरी, थोडं कोरड्यास, कांदा. दिवसभर ताईने काय खाल्लं याची नोंद घरात कुणाकडेच नाही. साडेचारला ती उठेल आणि अनशापोटी पळेल. या दोन्ही गोष्टी एकत्र बघितल्या तरच तिची चक्कर समजते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची 2019 ते 2021 ची पाहणी सांगते की महाराष्ट्रात 15 ते 49 वयातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहून नेणारी गाडी. गाड्याच कमी असतील तर दुसऱ्या फेरीला छाती फुटल्यासारखी होणारच, केळं खाल्लं तरी. अशा मुलीला "दम वाढव" म्हणणं हा अन्याय आहे. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून मिळतं, लोहाच्या गोळ्या मिळतात. आणि जेवणासोबतचा चहा तासभर पुढे ढकलावा, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. लिंबू पिळलं तर उलट मदत होते.

अजून एक गोष्ट पोरी एकमेकींतच बोलतात. पाळी येईनाशी होते. काहींना बरंच वाटतं, सरावात खंड नको. पण खर्च होतोय तेवढं पोटात जात नसेल तर शरीर आधी पाळी बंद करतं आणि मग हाडं झिजवतं. नडगी दुखायला लागते, आणि ती दाबून धरत पोरगी पळत राहते. तीन महिने पाळी आली नसेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि नवरात्रात नऊ दिवस उपवास करायचा असेल, तर त्या नऊ दिवसांत वेग वाढवायचं काम ठेवू नका. हलकं पळा, पाणी प्या, साबुदाण्यासोबत दाण्याचं कूट आणि दूध असू द्या.

[दृश्य: शेवटची रेघ. धावणारे थांबतात.]

इथे जरा नीट बघा. जीव तोडून आलेली पोरं रेघ ओलांडतात आणि गुडघ्यांवर हात ठेवून जागच्या जागी थांबतात. बरीच चक्कर इथेच येते, आणि तिचा पोटाशी फारसा संबंध नसतो. पळताना पोटऱ्या आवळून पायातलं रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलात की ते ढकलणं बंद होतं, रक्त पायात साचतं, डोक्याला कमी पडतं. म्हणून रेघेनंतर दोन-तीन मिनिटं चालत राहायचं. कुणी कोसळलंच तर आडवं झोपवून पाय वर उचलायचे, भोवतीची गर्दी हटवायची. शुद्ध लगेच आली नाही तर वाट न बघता 108 ला फोन.

[दृश्य: मैदानाच्या कडेला उघडलेले डबे.]

मग पळायच्या आधी काय? इथे सगळ्यांत मोठा गोंधळ भिजवलेल्या हरभऱ्यांचा आहे. मूठभर हरभरे खाऊन लगेच पळायला उतरणारी पोरं मी रोज बघतो. हरभरा उत्तम, पण पळून झाल्यावर. पचायला जड, आधी खाल्ला तर पोटात वारा धरतो. शेंगदाण्याचंही तेच, त्यात तेल असतं आणि तेल पोटातून सावकाश सरकतं. आधी हवं ते हलकं आणि गोड: एक केळं, दोन-तीन खजूर, नाहीतर गुळाचा खडा, अर्ध्या-पाऊण तासाआधी, सोबत पेलाभर पाणी. ज्याला तेवढ्यानेही मळमळतं त्याने अर्ध्या केळ्यापासून सुरुवात करावी. पोटालाही सराव लागतो, आठ-पंधरा दिवसांत ते ऐकायला लागतं. आणि अर्ध्या तासाचं हलकं पळणं असेल, रात्री पोटभर जेवला असाल, तर काहीही न खाता खुशाल पळा.

याच मैदानावर सहा वाजता चालायला येणाऱ्यांची पाळी असते. त्यांचा प्रश्न वेगळा. रिकाम्या पोटी चाललं की चरबी जास्त जळते म्हणतात, आणि त्या तासापुरतं ते खरंही आहे. पण शरीर दिवसभरात हिशोब जुळवून घेतं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 20 तरुणींना चार आठवडे व्यायाम दिला, निम्म्या उपाशी, निम्म्या खाऊन. आहार दोघींकडचा मोजूनमापून. वजन दोन्ही गटांचं उतरलं, फरक काही पडला नाही.

मधुमेह असणाऱ्यांनी मात्र इथे घाई करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घ्यायची आणि न खाता चालायला निघायचं, हे धोक्याचं आहे. हे औषध चालू असताना साखर 90 च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊनच निघावं, खिशात साखरेची पुडी ठेवावी, आणि गोळी व चालणं यांची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. दरदरून घाम, हातांना कंप, बोलणं अडखळणं दिसलं की चालणं तिथेच थांबवायचं आणि साखर तोंडात टाकायची.

[दृश्य: एसटी स्टँड, रात्रीचे दहा. पाठीवर सॅक घेतलेली मुलं.]

उद्या भरतीचं मैदान आहे. ही पोरं रात्रीच्या गाडीने जिल्ह्याला निघालीत. तिथे कुणी स्टँडवर झोपेल, कुणी मैदानाबाहेरच्या फुटपाथवर. पहाटे रांग लागेल. कागदपत्रं, उंची, छाती, चेस्ट नंबर. प्रत्यक्ष पळायची पाळी यायला नऊ वाजतील, कधी दहा. वर्षभर घरी पाचला अनशापोटी पळालेलं शरीर त्या दिवशी बारा-तेरा तास उपाशी असतं, आणि ऊन चढलेलं असतं. सराव ज्या पोटाने केला ते पोट त्या दिवशी नसतंच.

म्हणून यातल्या एका पोरीच्या आईने काल संध्याकाळी दुधात गूळ विरघळवून दशम्या केल्या. दोन दिवस टिकतात, हाताला चिकटत नाहीत, पोटाला जड होत नाहीत. आपली माणसं लांबच्या प्रवासाला हीच शिदोरी बांधायची. सॅकमध्ये हॉल तिकीट आहे, आधार कार्डाच्या झेरॉक्स आहेत, बूट आहेत, दोन केळी आहेत आणि फडक्यात बांधलेल्या चार दशम्या.

गाडी लागली. आई खिडकीशी येते, गज धरते.

"रांगेत उभी राहिलीस की सहाला एक खा. कुणी बघतंय म्हणून लाजू नकोस."