म्हातारं कुरण उपाशी का राहतं?

नमस्कार मंडळी. इथं बसलेल्या बहुतेकांकडे हत्तीगवताचा एखादा प्लॉट असणार. पहिल्या वर्षी ते डोक्यावर जातं, दुसरं वर्षही बरं जातं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुटवे बारीक पडतात, पानं फिकट होतात आणि आपण म्हणतो, बेणं म्हातारं झालं. माझं म्हणणं असं की हे म्हातारपण दोन तऱ्हांचं असतं. दोघांचं दुखणं वेगळं, म्हणून औषधही वेगळं. (कापणी लांबली की काडी निबर होते आणि प्रथिनं घटतात, ते निराळं. ते कापणीचं वय. मी लागणीच्या वयाबद्दल बोलतोय.)

पहिली तऱ्हा बघायला ऑस्ट्रेलियात जाऊ. क्वीन्सलँडमध्ये ब्रिगालो नावाची, आपल्या बाभळीच्या गोतातली, प्रचंड राई होती. १९६० च्या दशकापासून ती मोठ्या प्रमाणावर तोडली आणि तिथल्या काळ्या चिकण जमिनीत गवत लावलं. कोणतं, तर आपलं अंजन. सुरुवातीला ते उदंड आलं. पुढच्या पाच-दहा वर्षांत उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं. गंमत बघा, जमिनीतलं एकूण नत्र फारसं घटलेलं नव्हतं! ते अडकून पडलं होतं. बारमाही गवताच्या मुळांत कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं. ती मुळं कुजवायला बसलेले जिवाणू स्वतःच्या पोटासाठी मातीतलं नत्र ओढून घेतात. गवत जितकं जुनं, तितका मुळांचा साठा मोठा, तितकं नत्र कुलपात. नांगरलं की ते एक-दोन वर्षं सुटतं, पुन्हा अडकतं. टिकाऊ उपाय म्हणून तिथं द्विदल आणली: सुबाभूळ, दशरथ घास, आपली निळ्या फुलांची गोकर्ण. हवेतलं नत्र बांधून ती गवताच्या शेजारी ठेवतात.

आता आपला प्लॉट. इथं जनावर चरत नाही. आपण कापतो आणि गव्हाणीत टाकतो. ही दुसरी तऱ्हा, आणि मला जास्त काळजी हिची वाटते. साधा हिशोब करू. एकरातून वर्षाला ५० टन हिरवा चारा निघाला, तर सुका साधारण १० टन. त्यात ८ टक्के प्रथिनं धरली तर जवळपास १२८ किलो नत्र गेलं, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या सहा गोण्या. पोटॅशियम २ टक्के धरलं तर २०० किलो, खताच्या भाषेत २४० किलो पालाश. म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या आठ गोण्या! आपण टाकतो काय? युरिया आणि डीएपी. दोन्हींत पालाश शून्य.

काळ्या जमिनीत पालाश मुळातच भरपूर, असं आपण ऐकत आलोय, आणि ते खरंही आहे. पण चिकणमाती आतला पालाश हळूहळू सोडते. आपण त्याहून वेगानं उपसतो. मग जुन्या पानांचे शेंडे आणि कडा करपू लागतात. तिथं युरिया वाढवला तर तोल आणखी बिघडतो.

हा पालाश जातो कुठं? गाईच्या दुधात थोडाच. बहुतेक सगळा मूत्रात उतरतो आणि गोठ्याच्या नालीतून ओढ्याला मिळतो. शेण आपण उसाला नाहीतर द्राक्षाला घालतो. ज्या गवतानं गोठा पोसला त्याच्या वाट्याला काहीच परत येत नाही, हे मला फार लागतं. चरणाऱ्या कुरणात निदान मूत्र तिथंच पडतं, जरी सावलीत आणि पाण्याच्या हौदाजवळ जास्त. म्हणून गोठ्याची स्लरी, म्हणजे शेण-मूत्राचा पातळ काला, आधी गवताला द्या. पण थोडी-थोडी, प्रत्येक कापणीनंतर. एकदम ओतली तर गवत गरजेपेक्षा जास्त पालाश ओढतं, आणि तसा चारा खाणाऱ्या दुभत्या गाईला मॅग्नेशियम नीट लागू होत नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, तिसऱ्या वर्षी मोडून नवी लागण करावी का? ताई, मोडलं की कुजणाऱ्या मुळांतून नत्र सुटेल, पहिल्या दोन कापण्या जोरात येतील आणि श्रेय नव्या बेण्याला मिळेल. उपसलेला पालाश मात्र त्यानं भरून येणार नाही. आधी माती तपासा. बांधालगतची, खताच्या ढिगाजवळची माती घेऊ नका. प्लॉटभर फिरून आठ-दहा ठिकाणची, वीतभर खोल घ्या, एकत्र करा, आणि तपासणीच्या चिठ्ठीवर पिकाच्या रकान्यात गवताचं नाव आणि लागणीचं वर्ष आवर्जून लिहा.