नॉमिनीच्या रकान्यात कुणाचं नाव आहे?

नमस्कार श्रोतेहो. आज कायद्याबद्दल बोलणार आहे, पण आपल्या पासबुकापुरताच. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेतल्या ठेवीला चार नॉमिनी लावता येतात. परत सांगतो, चार. आधी एकच लावता यायचा. बँकिंग कायद्यात 2025 मध्ये ज्या दुरुस्त्या झाल्या त्यातली ही एक, आणि मला विचाराल तर सामान्य माणसाच्या घरात पोचणारी हीच.

मला हे एवढं का लागतं ते सांगतो. पेडण्यात आमच्या वाड्यावर एक काकी आहेत, त्यांचे यजमान खाजेकार, म्हणजे जत्रेत मिळणारी आपली गोव्याची गोड खाजी करून विकणारे. शिरगावची लईराई, पेडण्याची पुनव, म्हापशाचा बोडगेश्वर, प्रत्येक जत्रेत त्यांचं दुकान लागायचं, बेसन, गूळ, आलं, तीळ, वास लांबूनच यायचा. आता जत्रेत बघा, पुढे चायनीजच्या गाड्या आणि प्लास्टिकची खेळणी, खाजेवाले मागे कोपऱ्यात. गोव्याच्या खाज्यांना जीआय टॅग, म्हणजे हा पदार्थ इथलाच अशी सरकारी ओळख, मिळाली, चांगलंच झालं, पण जत्रेची जागा वाटताना खाजेकारांना पहिली जागा मिळालीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, त्यांच्याशिवाय जत्रा कसली?

तर यजमान अचानक वारले. बँकेत फिक्स डिपॉझिट होतं, जन्माची कमाई म्हणा. पासबुकावर छापलेलं, नॉमिनेशन रजिस्टर्ड. नाव नाही हां, फक्त रजिस्टर्ड. काकी निर्धास्त होत्या, रजिस्टर्ड आहे म्हणजे आपलंच नाव असणार. मी सोबतीला गेलो. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर बघितलं आणि विचारलं, नॉमिनी आल्यात का? काकी म्हणाल्या, मीच ना ती. मुलगी म्हणाली, नाही हो, इथे दुसऱ्याच बाईंचं नाव आहे, आणि तिने ते वाचून दाखवलं. ते काकींच्या सासूबाईंचं नाव! खातं उघडलं तेव्हा यजमानांचं लग्नसुद्धा झालं नव्हतं, फॉर्मवर आईचं नाव घातलं, पुढे डिपॉझिट रिन्यू होत गेलं आणि तेच नाव तसंच चालत राहिलं. सासूबाई जाऊन तर कितीतरी वर्षं झालेली. काकी त्या पोरीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मांयक हांव आतां खंयच्यान हाडूं गो?" म्हणजे, आईंना मी आता कुठून आणू गं? ती पोरगी पण गप्प झाली, उठून पाणी घेऊन आली.

मग सुरू झालं वारसांचं. आपल्या गोव्यात ते कसं असतं तुम्हाला माहीतच आहे. सगळ्या वारसांच्या सह्या, मुलगी डिचोलीला दिलेली तर तिची आणि जावयाचीही, मुलगा बोटीवर, तो कुठल्या समुद्रात आहे ते त्याच्या बायकोलाच धड माहीत नाही, त्याची सही यायला कितीतरी महिने गेले. सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते लिहिलेला दस्त, त्यासाठी रजिस्ट्रारकडे खेपा वेगळ्याच. आणि तोवर काकी घर चालवायला दुसऱ्यांच्या काजूच्या बागेत बिया गोळा करायला जात होत्या, स्वतःचे पैसे बँकेत असताना! बँकेने नियमच पाळला, मान्य, पण इतक्या वर्षांत रिन्यू करताना एकदा तरी कुणी विचारायला नको होतं का, नॉमिनी हयात आहेत का म्हणून?

आता नव्या नियमात बघा. चार नॉमिनी दोन तऱ्हेने लावता येतात. एक, वाटणीने, कुणाला किती टक्के ते लिहायचं, बेरीज शंभर झाली पाहिजे. दुसरी, क्रमाने, पहिला नसला तर दुसरा, दुसरा नसला तर तिसरा. काकींच्या यजमानांना ही सोय असती आणि आईच्या खाली बायकोचं नाव असतं तर सगळं किती सोपं झालं असतं. लॉकरला मात्र क्रमानेच लावता येतं, वाटणी चालत नाही. लक्षात ठेवा, लॉकरला क्रमानेच.

आणि एक गोष्ट नीट ऐका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हातात देते, पण हक्क वारसांचाच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर आपल्या गोव्यात नवरा-बायकोची मिळकत सामाईक, अर्धा वाटा बायकोचाच, त्यामुळे नॉमिनी भावाला केलंत म्हणून पैसे भावाचे होत नाहीत.

रिझर्व्ह बँकेने आणखी एक केलंय, सगळी कागदपत्रं दिल्यापासून 15 दिवसांत दावा निकाली काढायचा, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर भरपाई द्यायची. हे लागू करायला बँकांना 31 मार्च 2026 पर्यंत मुदत दिलेली. फॉर्म मराठीत आणि कोंकणीत मागा, आपल्या भाषेतला कागद मागण्यात लाज कसली!

पासबुकावर नुसतं रजिस्टर्ड असेल तर नाव छापून मागता येतं, तेही मागा. आणि घरात कुणाचं जुनं खातं पडून असेल तर, 10 वर्षं हात न लागलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात. उद्गम नावाचं त्यांचं पोर्टल आहे, उद्गम, तिथे नाव टाकून शोधता येतं. फंडात गेले म्हणजे बुडाले नाहीत, वारस नंतरही मागू शकतात, अर्ज मात्र जिथे खातं होतं त्याच बँकेत द्यायचा.