पाठीवर तीन नंबर, हातात ग्लोव्ह्ज

(दृश्य : ओलेम्बे स्टेडियम, रात्र. दोन्ही संघ मैदानावर येत आहेत.)

२४ जानेवारी २०२२. कॅमेरूनची राजधानी याउंदे. आफ्रिका खंडाच्या सर्वांत मोठ्या फुटबॉल स्पर्धेची, आफ्रिका नेशन्स कपची बाद फेरी.

या खेळाडूच्या पाठीकडे बघा. अंगात गोलकीपरची जर्सी आहे, पण पाठीवरचा ३ छापलेला नाही. चिकटपट्टीचे तुकडे लावून तो आकडा उभा केलाय. शाकेर अलहदूर याचं नाव. फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये तो अजाक्सियो क्लबकडून डाव्या बगलेवर बचाव करतो. आज मात्र तो कोमोरोस या देशाकडून खेळतोय, हातात ग्लोव्ह्ज आहेत, आणि समोर आहे यजमान कॅमेरून, पाच वेळचा आफ्रिकन विजेता.

ही जर्सी त्या रात्री जगभरच्या बातम्यांत झळकली. पण ती घालणारा संघ इथवर कसा आला, हे फार थोड्यांनी सांगितलं. त्यासाठी हिंदी महासागरात जायला हवं.

(दृश्य : समुद्रावरून कोमोरोसची राजधानी मोरोनी, तिचं बंदर. मागे कार्थाला ज्वालामुखी.)

मादागास्कर आणि मोझांबिक यांच्या मधल्या पाण्यात कोमोरोसची ही बेटं आहेत. ग्रांद कोमोर, आंजुआन, मोहेली. १९७५ साली कोमोरोस फ्रान्सच्या अमलातून स्वतंत्र झाला, तेव्हा जवळचंच चौथं बेट, मायोत, फ्रान्सकडेच राहिलं. लवंग, व्हॅनिला आणि अत्तरासाठी लागणारी इलांग-इलांगची फुलं हा इथला माल. सगळ्या देशाची मिळून लोकसंख्या आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढी. एवढ्या वस्तीतून एक राष्ट्रीय संघ उभा करायचा.

(दृश्य : मच्छीमारांच्या होड्या. पुढे संग्रहालयातला सीलाकांथ मासा.)

आणि हा मासा. सीलाकांथ. डायनासोरांबरोबरच तोही नाहीसा झाला, असं शास्त्रज्ञ धरून चालले होते. १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका ट्रॉलरच्या जाळ्यात तो जिवंत सापडला आणि प्राणिशास्त्रात खळबळ उडाली. दुसरा नमुना शोधायला चौदा वर्षं गेली. शंभर पौंडांचं बक्षीस लावलं, पत्रकं वाटली. अखेर १९५२ च्या डिसेंबरात तो मिळाला आंजुआन बेटाजवळ, एका मच्छीमाराच्या गळाला. मासा खराब व्हायच्या आत मत्स्यतज्ज्ञ प्राध्यापक स्मिथ यांना त्याच्यापर्यंत पोहोचवायला दक्षिण आफ्रिकेच्या पंतप्रधानांनी लष्करी विमान दिलं. इथल्या कोळ्यांना मात्र हा मासा नवा नव्हता. ते त्याला गोम्बेसा म्हणायचे, अधूनमधून तो गळाला लागायचा.

कोमोरोसच्या फुटबॉल संघाला याच माशाचं नाव आहे. जगाच्या नोंदीत नव्हता, पण पाण्यात होताच, असा हा संघ.

(दृश्य : मैदानावर खेळणारी मुलं. काळी लाव्हाची जमीन.)

फिफाचं सदस्यत्व मिळालं २००५ साली. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत हा संघ पहिल्यांदा उतरला २००७ मध्ये, शेजारच्या मादागास्करविरुद्ध. दोन लढती झाल्या. पहिली ६-२ अशी हरले, दुसरी ४-० अशी. त्यानंतरही बरीच वर्षं कोमोरोसचा नंबर क्रमवारीच्या तळाशीच होता.

बदल सुरू झाला तो फ्रान्समधल्या मार्सेय शहरातून.

(दृश्य : मार्सेयची जुनी गोदी, उपनगरातल्या इमारती, दोन इमारतींमधलं सिमेंटचं मैदान.)

कोमोरोसमधून पोटासाठी बाहेर पडलेली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या या शहरात येत राहिली. त्यांची मुलं अशाच मैदानांवर खेळली, फ्रेंच क्लबांच्या प्रबोधिनींत गेली. काही व्यावसायिक झाली, बरीचशी दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत किंवा हौशी क्लबांत राहिली. फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचं दार त्यांच्यासाठी उघडणार नव्हतं. आईवडिलांचा देश मात्र त्यांना हाक मारू शकत होता.

ती हाक मारणारा माणूस म्हणजे अमीर अब्दू. जन्म मार्सेयचाच. फ्रान्सच्या दक्षिणेत गोल्फेश नावाच्या छोट्या गावात हौशी संघाला शिकवायचे. २०१४ साली कोमोरोसची सूत्रं त्यांच्या हाती आली. तेव्हा त्यांच्या नावावर ना मोठी खेळाडू म्हणून कारकीर्द, ना मोठ्या क्लबचा अनुभव. त्यांच्याकडे एक गोष्ट होती : ही मुलं कुठल्या घरातून आलीत, हे त्यांना आतून माहीत होतं.

त्यांनी बांधलेला संघ बघा. कर्णधार नजीम अब्दू, इंग्लंडमध्ये मिलवॉलकडून अनेक हंगाम मधली फळी सांभाळलेला. आघाडीवर अल फार्दू बेन नबुहान, बेलग्रेडच्या रेड स्टारचा. मधल्या फळीत यूसुफ म्शांगामा, फ्रान्समधल्या गँगाँ क्लबचा, डाव्या पायाचा जादूगार. आणि गोलमध्ये सलीम बेन बोइना, मार्सेयच्या एंदूम या हौशी क्लबचा गोलकीपर. चॅम्पियन्स लीग खेळलेला आणि गल्लीतल्या क्लबचा, दोघे एकाच ड्रेसिंग रूममध्ये.

निकाल हळूहळू बदलू लागले. २०१५ च्या नोव्हेंबरात घरच्या, मित्सामिउलीच्या मैदानावर घानाला गोलशून्य बरोबरीत रोखलं. २०१६ मध्ये बोत्सवानाला हरवलं. २०१८ मध्ये कॅमेरूनशी १-१. पुढच्या पात्रता फेरीत टोगोला त्यांच्याच घरी हरवलं, इजिप्तला मोरोनीत गोल करू दिला नाही, केनियाकडून चार गुण घेतले. २५ मार्च २०२१ रोजी मोरोनीत टोगोविरुद्धचा सामना ०-० सुटला आणि कोमोरोस पहिल्यांदा आफ्रिका नेशन्स कपसाठी पात्र ठरला.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोललं पाहिजे. २०१९ पासून या स्पर्धेत १६ ऐवजी २४ संघ खेळतात. त्यामुळे दर्जा घसरतो, अशी ओरड तेव्हा झाली, आजही होते. आमचं म्हणणं उलट आहे. या मुलांनी इजिप्तच्या गटातून वर येऊन जागा मिळवली. सात वर्षं घाम गाळलेल्या संघाला दार उघडं मिळालं, तर त्यात स्पर्धेचं काय बिघडलं? आणि पुढचे सामने बघा, मग दर्जाचं बोलू.

(दृश्य : गटसाखळीचे सामने, झटपट तुकडे.)

गॅबॉनकडून १-०. मोरोक्कोकडून २-०. दोन सामने, गुण शून्य. पण मोरोक्कोच्या सामन्यातला हा क्षण पाहा. ८३ वं मिनिट, मोरोक्कोच्या अन-नसीरीची पेनल्टी, आणि एंदूमच्या बेन बोइनानं ती अडवली.

(दृश्य : गारूआ, १८ जानेवारी. कोमोरोस विरुद्ध घाना.)

तिसरा सामना चार वेळच्या विजेत्या घानाशी. फिफाच्या क्रमवारीत घाना ५२ वा, कोमोरोस १३२ वा. चौथ्याच मिनिटाला बेन नबुहान, डाव्या पायानं, १-०. पंचविसाव्या मिनिटाला घानाचा कर्णधार आंद्रे आयू गोलकीपरच्या अंगावर गेला, पंचांनी व्हिडिओ पाहिला, लाल कार्ड. ६१ व्या मिनिटाला अहमद मोन्यी, २-०. आता घाना संपला असं वाटतं ना? दहा खेळाडूंनिशी त्यांनी दोन गोल फेडले. ७७ व्या मिनिटाला २-२. अशा वेळी नवखा संघ मागे सरतो, वेळ काढतो, एका गुणावर समाधान मानतो. कोमोरोस पुढे गेला. ८५ वं मिनिट. पुन्हा मोन्यी. ३-२.

नेशन्स कपमधला हा त्यांचा पहिला विजय. घाना गटात तळाला राहून घरी गेला. कोमोरोस तिसऱ्या क्रमांकाच्या सर्वोत्तम चार संघांत बसून बाद फेरीत गेला.

पण याच सामन्यात बेन बोइना जखमी झाला.

(दृश्य : सराव मैदान. मास्क लावलेले कर्मचारी.)

बाद फेरीच्या तोंडावर कोरोना चाचणीत संघातले बारा जण पॉझिटिव्ह निघाले. त्यात प्रशिक्षक अब्दू होते. आणि उरलेले दोन्ही गोलकीपर होते, अली अहमदा आणि मोयाद उसेनी. तीन गोलकीपर आणले होते, एकही उरला नाही. स्पर्धेचा नियम असा, की अकरा खेळाडू उभे राहत असतील तर सामना खेळायचाच. गोलकीपर नसेल तर दुसऱ्या कोणी तरी ती जागा घ्यायची. सामन्याच्या दिवशी अहमदाची चाचणी निगेटिव्ह आली. तरी विलगीकरणाच्या नियमामुळे त्याला मैदानावर येता आलं नाही. सरावात ज्याचे हात बरे चालतात, असा एक जण होता. शाकेर अलहदूर.

(दृश्य : पुन्हा ओलेम्बे.)

सातवं मिनिट. कर्णधार नजीम अब्दूला लाल कार्ड. गोलमध्ये डावा बचावपटू, मैदानावर दहा जण, समोर यजमान, सगळं स्टेडियम त्यांच्या बाजूनं. २९ व्या मिनिटाला तोको एकांबीनं गोल केला. इथून पुढे पाच-सहा गोल होतील, असंच कुणालाही वाटलं असतं.

आता अलहदूरचे पाय बघा. गोलकीपरसारखे नाहीत. तो बचावपटूसारखाच पुढे झेपावतो, कोन बंद करतो, अंग मध्ये घालतो. हा पहिला फटका अडवला, चेंडू पुन्हा समोर पडला, आणि उठायच्या आत हा दुसराही अडवला. पुढचे बचावपटू त्याला उठवायला धावत येतात. मध्यंतराला १-० च.

७० व्या मिनिटाला अबूबकर, २-०. आणि ८१ वं मिनिट. फ्री-किक. अंतर जवळजवळ तीस मीटर. यूसुफ म्शांगामा. समोरच्या गोलमध्ये आंद्रे ओनाना, तेव्हा नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबचा. डावा पाय, चेंडू भिंतीवरून चढला आणि वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला. २-१. शेवटच्या दहा मिनिटांत दहा जणांचा कोमोरोस बरोबरीसाठी धडपडत होता आणि यजमान घड्याळाकडे बघत होते. सामना २-१ असा संपला.

त्याच संध्याकाळी स्टेडियमच्या दक्षिणेकडच्या दाराशी चेंगराचेंगरी झाली होती. आठ जणांचा जीव गेला.

(दृश्य : २०२४ चे पात्रता सामने, मग रबात.)

अमीर अब्दू नंतर मॉरिटानियाच्या संघाकडे गेले. कोमोरोस २०२३ च्या स्पर्धेला मुकला. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये रफीकी साईदच्या गोलवर त्यांनी ट्युनिशियाला ट्युनिशियात १-० असं हरवलं, गटात पहिला नंबर काढला आणि २०२५ च्या आफ्रिका नेशन्स कपची जागा मिळवली. त्या स्पर्धेच्या उद्घाटनाच्या सामन्यात रबातमध्ये यजमान मोरोक्कोसमोर कोमोरोस उभा होता. या वेळी गोलमध्ये गोलकीपरच होता.