पांढऱ्या वाटीचं काय झालं?

(ताट समोर येतं. कॅमेरा वाट्यांवर थांबतो.)

कोल्हापुरात मटणाचं ताट मागवा, दोन वाट्या येणारच. एक तांबडा रस्सा, एक पांढरा. तांबड्यावर तर्री तरंगत असते, भुरका मारला की कानशिलं तापतात. पांढरा मात्र शांत. मटणाचं आळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू, थोडा खडा मसाला. लाल मिरचीचा कणसुद्धा नाही.

आता दुसऱ्या कुठल्याही शहरात जा आणि मेनूकार्ड उघडा. 'व्हेज कोल्हापुरी' सापडेल. लालभडक, नुसता जाळ. मटण तर गेलंच, पांढरी वाटीही वाटेत कुठेतरी सांडली. कोल्हापूर म्हणजे तिखट, एवढंच पोचलं.

हे कुणी ठरवून केलं? बहुतेक नाही.

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काल्पनिक परग्रहवासी तयार केले. वेगवेगळे रंग, वेगवेगळे आकार, आणि प्रत्येकाला काही स्वभाव चिकटवलेले, कसेही, हिशेब न ठेवता. पहिल्या माणसानं ते पाठ केले आणि आठवतील तसे सांगितले. त्याची ती चुकलेली उत्तरंच दुसऱ्याला धडा म्हणून दिली. दुसऱ्याची तिसऱ्याला. साखळी पुढे सरकली तशी गुंतागुंत गळत गेली आणि एका रंगाच्या सगळ्यांना एकच स्वभाव चिकटू लागला. पाठ करायला ते सोपं झालं. परग्रहवासीयांशी कुणाचं काय वैर असणार? तरीही साचा तयार झाला, निव्वळ विसरण्यातून.

(खासबाग मैदान. तांबडी माती.)

कोल्हापूरकर म्हणजे रांगडा गडी. खासबागेची कुस्ती त्यात चपखल बसते, म्हणून आठवते. याच संस्थानच्या दरबारात अल्लादियाँ खाँ गात होते, याच गावात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा घडवला, ते साच्यात बसत नाही. पण आपली तक्रार नाही. कुणी रांगडा म्हटलं की आपण उलट मिशीला पीळ देतो.

सगळ्यांनाच हे इतक्या स्वस्तात पडत नाही.

१८७१ साली इंग्रजांनी कायदा केला आणि पुढे कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या. माणसानं काही केलेलं असो वा नसो, पोलिसांकडे हजेरी द्यायची. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना बोलावून चाकरी दिली, पहाऱ्यावर नेमलं. ज्यांना जग चोर म्हणत होतं, त्यांच्याच हाती राखण!

१९५२ मध्ये तो कायदा देशभरातून गेला. कायदा होता हेच लोक विसरले. शिक्का तेवढा लक्षात राहिला.

(माळावर पालं. दूरवर चुलीचा धूर.)

लहानपणी गावाबाहेर माळावर पालं पडली की आमची आजी दिवसाउजेडी दाराला कडी घालायची. का, असं विचारलं तर म्हणायची, "पारधी आल्यात, बाबा." तिचं कधी काही चोरीला गेलं होतं का? नाही. तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं.

शाहू महाराजांच्या गोष्टीही तीच सांगायची, रात्री, अंथरुणावर. त्यात हत्ती असायचे, चित्ते असायचे, पैलवान असायचे. पहाऱ्यावरचे पारधी एकदाही आले नाहीत.