शेवटच्या सायकलचा वेग

(दृश्य: गावाबाहेरचा रस्ता, सकाळ. कडेला उभ्या सायकली.)

ऊन चढायच्या आत निघायचं ठरलेलं असतं. तरी कुणी लगेच सायकलवर बसत नाही. टायर अंगठ्याने दाबून बघितले जातात, ब्रेक आवळले जातात. एका सायकलची सीट बोटभर वर घेतली जाते. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवली की गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पॅडल मारताना तो किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीवर जास्त ताण येतो.

हे सगळे साठीच्या पुढचे. कुणी आयुष्यभर सायकल चालवलेली, कुणी निवृत्तीनंतर पुन्हा हातात घेतलेली. काहींच्या सायकलला आडवी दांडी नाही, कारण आता पाय उंच उचलून पलीकडे टाकणं जड जातं. सायकल पळत असते तेव्हा तोल सांभाळणं सोपं. खरी परीक्षा असते सायकलवर बसताना, सायकलवरून उतरताना आणि अगदी हळू वळताना. मान मागे वळत नसेल तर हँडलला आरसा लावायचा.

(दृश्य: रांग निघते.)

पुढे कोण आहे ते बघा: सर्वांत वेगवान माणूस नाही, तर संथ, एकसारखी लय धरू शकणारी बाई. गटातला सर्वांत दमदार गडी मुद्दाम शेवटी ठेवलाय. कुणाची चेन उतरली, कुणाला धाप लागली, तर तो सोबत थांबतो. या सहलीचा वेग ठरतो तो मागून.

वय वाढतं तसे हृदयाचे कमाल ठोके कमी होत जातात. 220 मधून वय वजा करायचं, असा एक ढोबळ हिशेब आहे. सत्तरीत तो 150 वर येतो. पण माणसागणिक त्यात बराच फरक पडतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत. मग मनगटावरचं घड्याळ फसवतं. त्यापेक्षा गप्पा खऱ्या. बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं, की वेग जास्त झाला. पाण्याचंही तसंच आहे. उतारवयात तहान उशिरा कळते, म्हणून तिची वाट न बघता घोटघोट पीत राहायचं.

हळू चालवून काय मिळतं, असं कुणी विचारलं तर रोबेर मार्शां यांचं नाव सांगावं. जन्म 1911, फ्रान्स. तरुणपणी सुटलेली सायकल त्यांनी साठी उलटल्यावर पुन्हा धरली. 2012 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी एका तासात 24.25 किलोमीटर अंतर कापलं. दोन वर्षांनी, 26.927. मधल्या काळात त्यांच्या शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता 13 टक्क्यांनी वाढल्याचं संशोधकांनी मोजलं. आणि त्यांच्या सरावातला सुमारे 80 टक्के भाग हलक्या श्रमाचा होता!

(दृश्य: चढ.)

चढ लागण्याआधीच गिअर हलका करायचा. चढावर जोर लावत असताना बदलायला गेलं की चेन कुरकुरते. तरी एक काकू अर्ध्यावर उतरतात आणि सायकल हातात धरून चालू लागतात. यात कमीपणा मुळीच नाही. सायकलवर शरीराचा भार सीट पेलते, त्यामुळे हाडांना फारसं काम मिळत नाही. चढावर चाललेली ती पावलं हाडांच्या कामी येतात. शेजारून एक आजोबा बॅटरीच्या सायकलवर जातात. पॅडल त्यांनाही मारावंच लागतं, मोटर फक्त हातभार लावते. त्या मोटरमुळेच ते आज इथे आहेत.

(दृश्य: चढ संपतो. सावली.)

बहुतेक गट इथेच चुकतात. पुढचे येतात, बसतात, पाणी पितात. दहा मिनिटांनी शेवटचा पोहोचतो, आणि तो दिसताच पुढचे उठून सायकलवर बसतात. म्हणजे ज्याला विसावा सर्वांत जास्त हवा, त्याला तो मिळतच नाही. पुढच्या चढावर तो आणखी मागे पडतो आणि पुढच्या सहलीला येत नाही. कारण विचारलं तर सांगतो, "जरा काम होतं."

या गटाचा नियम वेगळा आहे. थांब्याची वेळ मोजायची ती शेवटची सायकल स्टँडवर लागल्यापासून.

"काकू, बसा निवांत. घाई नाही."

त्या बसतात. श्वास लागलेला असतो, मग हळूहळू बोलणं सुरू होतं. निघताना झटकन उभं राहायचं नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे, कारण रक्तदाबाच्या गोळीवर असताना तसं केलं तर चक्कर येऊ शकते.

परतीला वारा पाठीशी आहे. योगायोग नव्हे, दमलेल्या पायांना वाऱ्याशी झुंजावं लागू नये, म्हणून जातानाच वाऱ्याला सामोरं जाणारा रस्ता धरला होता.

पुढच्या वेळी किती लांब जायचं, ते आज ठरत नाही. उत्साहात सगळेच हो म्हणतात. उद्या सकाळी, अंग बोलायला लागल्यावर, फोन फिरेल. पहिला फोन काकूंना.