मेट्रोपासून खोलीपर्यंत
(अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना गुरुग्राम-नोएडाची ऑफर लेटर्स आली आहेत. पेढे वाटून झाले असतील, आणि पेढा खाता खाता कुणीतरी म्हणालंही असेल, ‘दिल्लीला? एकटीच?’ त्यांना हसू नका. मी तिकडे एचआरमध्ये काम करते. शहर सुरक्षित आहे अशी थाप मारायला मी आलेले नाही. पण घाबरायचं नेमकं कुठे, हे ठरवता येतं.

16 डिसेंबर 2012 ची निर्भयाची घटना सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यातला एक तपशील मात्र मागे पडतो. ती मुलगी आणि तिचा मित्र साकेतहून निघाले होते, जायचं होतं द्वारकेकडे. रिक्षा मिळाली ती मुनिरक्यापर्यंतच. पुढचं वाहन मिळेना, म्हणून दोघं थांब्यावर उभे राहिले आणि त्या खासगी बसमध्ये चढले. रात्रीचे साडेनऊसुद्धा धड वाजले नव्हते. दोष गुन्हेगारांचाच, यात वादच नाही. पण घरापर्यंत पोचवणारं भरवशाचं वाहन नसणं, हे शहराचं पाप होतं.

तेव्हा खोली बघताना भाडं नंतर विचारा, आधी स्टेशनपासूनचा रस्ता बघा. मेट्रोत 2010 पासून पहिला डबा बायकांचा आहे, गर्दी असते, कॅमेरे असतात. खरा प्रश्न स्टेशनातून बाहेर पडल्यावर सुरू होतो. ब्रोकर तुम्हाला खोली दाखवतो सकाळी अकराला. तुम्ही रात्री दहाला पुन्हा जा. दिल्लीतल्या कितीतरी कॉलन्यांची फाटकं रात्री बंद होतात, एखादंच उघडं राहतं. फोनवरचा नकाशा पाच मिनिटं दाखवतो आणि तुम्हाला कुलपापुढे आणून उभं करतो. मग भिंतीच्या कडेकडेने, पार्क केलेल्या गाड्यांमधून, लांबचा वळसा. ई-रिक्षावालेही तोवर घरी गेलेले. डिसेंबरात तर साडेपाचलाच सूर्य मावळतो, त्यात धुकं. असा वळसा रोज घालण्यापेक्षा दोन हजार जास्त देऊन स्टेशनजवळ राहा. घरच्यांनाही हा हिशोब पटतो.

आता ऑफिस. नवीन माणसाला खरा धोका असतो तो त्याच्या संकोचाचा. प्रोबेशन चालू आहे, मीटिंग साडेनऊपर्यंत लांबली, शेवटची मेट्रो साधारण अकराची, आणि ‘मला निघायचंय’ म्हणायला जीभ रेटत नाही. कॅब मागितली तर साहेब काय म्हणतील? मुली मला हे सांगतात तेव्हा माझा संताप होतो, त्यांच्यावर नव्हे, साहेबांवर. रात्रपाळीत शेवटी उतरणारी मुलगी असेल तर गाडीत गार्ड हवा, हे बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या कागदावर असतं. तो कागद रुजू होण्याआधी ईमेलवर मागून घ्या. तोंडी ‘हो हो, होईल’ला काही अर्थ नाही. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार कंपनीने दिलेली गाडीसुद्धा कामाची जागाच. तक्रार लेखी द्यायची, तीन महिन्यांच्या आत, कंपनीच्या अंतर्गत समितीकडे.

आणखी एक घोळ खास तिथलाच. खोली दिल्लीत, ऑफिस हरियाणात, मैत्रीण नोएडात, म्हणजे उत्तर प्रदेशात. पोलीस तिन्हीकडचे वेगळे. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं ऐकवलं तर ‘झीरो एफआयआर’ म्हणा. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, 1 जुलै 2024 पासून हे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच आहे. नंबर 112, तिन्हीकडे तोच.

मुलग्यांनो, तुम्ही मागे रेलून बसलायत. रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनवर बोलत असाल, तर मोटरसायकलवरचे दोघं तो कानापासून उचलून नेतात. तुमचे शिव्या घालायचे मराठी शब्द त्यांना कळतसुद्धा नाहीत.

पहिल्या आठवड्यात एकदा पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवनात जाऊन या. ओळखीपाळखी होतात. रात्री अकराला फोन करावा असं एखादं घर त्या शहरात असावं, ते तिथून मिळू शकतं.

आता प्रश्न विचारा. कुठला पीजी, म्हणजे पेइंग गेस्टची जागा, चांगला, एवढं मात्र मला विचारू नका. मालक बदलला की पीजी बदलतो.